जुनी लिफ्ट, नवा पंप: मंचर-भीमाशंकर रस्त्यावरच्या गॅरेजांनी आधी कोणतं गणित करावं?

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये आहे. त्र्यंबकेश्वर झालं की पुढे भीमाशंकर, असा बेत बरेच जण आखतात. दोन्ही ज्योतिर्लिंगं आणि रस्ताही सरळ: नाशिक, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत मंचर. तिथून आत वळायचं, घोडेगाव, मग डिंभे धरण आणि वर घाट. श्रावणातल्या सोमवारी या रस्त्याची काय अवस्था होते हे आंबेगाव-जुन्नरच्या कुणालाही विचारा. साहजिकच बातम्या सगळ्या रस्ता, पार्किंग आणि आराखड्याच्या आहेत.

या बातम्यांत न येणारी एक तयारी मात्र रस्त्याच्या कडेला सुरू असते. घाट उतरताना ब्रेक तापलेली गाडी, घाट चढताना क्लच जळालेली गाडी, खड्ड्यात बुश तुटलेली गाडी, या सगळ्या जातात कुठे? मंचर, घोडेगाव, नारायणगावच्या छोट्या गॅरेजांत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. खड्ड्यात उतरून किंवा जॅक लावून गाडीखाली सरपटत काम करणाऱ्या गॅरेजवाल्याला आता लिफ्ट हवी आहे. नवी परवडत नाही. मग फोनवर जाहिराती बघायच्या. पुणे, भोसरी, चाकणकडे एखादं वर्कशॉप बंद होतं किंवा जागा बदलतं आणि त्यांची जुनी लिफ्ट विकायला निघते. जाहिरात साधारण अशी असते: टू पोस्ट लिफ्ट, ४ टन, चालू कंडिशन, मोटर-पंप नाही.

आजचा विषय म्हणजे या जाहिरातीतले शेवटचे दोन शब्द.

कारण लिफ्ट घरी आली की प्रश्न येतो, आता पंप कुठला लावायचा? आणि हा प्रश्न बहुतेक वेळा घरातल्या 'मोबाईल कळणाऱ्या' पोराकडे येतो. "तू जरा ऑनलाइन बघ ना रे." तुमच्या मामाचं, चुलतभावाचं किंवा मित्राचं गॅरेज असेल तर तो पोरगा किंवा पोरगी म्हणजे तुम्हीच. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, पण दुसऱ्या वर्षाचं फ्लुइड मेकॅनिक्स इथे पुरतं. तेवढंच आपण फोनच्या कॅल्क्युलेटरवर करू.

चार्जर आणि पंप यांत एक मोठा फरक आहे

चार्जरपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. नऊ व्होल्ट, दोन अँपिअर म्हणजे १८ वॅट. हायड्रॉलिकमध्ये तसंच सूत्र आहे: दाब गुणिले प्रवाह म्हणजे पॉवर. दाब बारमध्ये मोजतात (मेकॅनिक त्याला 'किलो' म्हणतात, '१५० किलो प्रेशर' म्हणजे जवळपास १५० बारच) आणि प्रवाह मिनिटाला किती लिटर यात. दाब गुणिले लिटर, भागिले ६००, की उत्तर किलोवॅटमध्ये येतं. ६०० हा आकडा फक्त एककं जुळवायला आहे.

आता फरक. तुमचा फोन चार्जरला लावला की दोघं आधी बोलून घेतात. मी किती व्होल्ट देऊ शकतो, तुला किती चालेल, असा व्यवहार ठरतो आणि मगच मोठा करंट सुरू होतो. म्हणून ६७ वॅटचा चार्जर १८ वॅटच्या फोनला लावला तरी फोन जळत नाही. पंप आणि लिफ्ट असं काहीही बोलत नाहीत. पंप एवढंच जाणतो: मोटर फिरली की प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं तेल पुढे ढकलायचं. समोर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रस्ता मोकळा असेल तर दाब जवळजवळ शून्य. समोर दोन टनांची गाडी असेल तर दाब वाढत जातो, गाडी उचलली जाईपर्यंत. आणि गाडी उचललीच गेली नाही, तर काहीतरी फुटेपर्यंत.

पंप दाब 'तयार' करत नाही, तो प्रवाह देतो. दाब वजनामुळे येतो. हे एक वाक्य नीट कळलं तर निम्मा विषय संपला.

शेतातल्या पंपाशी तुलना केली की हे लख्ख दिसतं. तीन एचपीची मोटर विहिरीवर ३० मीटर उंचीला पाणी चढवते तेव्हा दाब असतो फक्त तीन बारच्या आसपास, आणि पाणी मिनिटाला दोनशे लिटर वगैरे. तीच तीन एचपी लिफ्टवर १५० बारने तेल ढकलते, पण मिनिटाला फक्त सातेक लिटर. १५० बार म्हणजे किती? पाण्याचा दीड किलोमीटर उंच खांब. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईएवढा. एचपी तेच, काम वेगळं. म्हणून 'तीन एचपीचा पंप आहे' एवढ्याने काहीच कळत नाही.

आधी लिफ्ट मोजा, मग पंप शोधा

एक गोष्ट अगोदर तपासा. सगळ्या टू पोस्ट लिफ्टना पंप लागतोच असं नाही. जुन्या बऱ्याच लिफ्ट स्क्रूवर चालतात: खांबात लांब आट्यांचा दांडा, वर मोटर, बेल्ट किंवा चेन. त्यात तेलाचं सिलिंडरच नसतं. तशी लिफ्ट घेतली असेल तर पंप शोधू नका, तिचे नट किती झिजलेत ते बघा. तिसरा प्रकार वॉशिंग सेंटरवर दिसतो, जमिनीतून वर येणारा एकच जाड खांब. त्याला कॉम्प्रेसरची हवा लागते. हवा टाकीतल्या तेलावर दाबते आणि तेल खांब उचलतं. दाब फक्त आठ-दहा बार, पण खांब एवढा जाड की तेवढा पुरतो. २७ सेंटिमीटर व्यासाच्या खांबाचं क्षेत्रफळ ५७२ चौरस सेंटिमीटर. आठ बारला साडेचार टनांहून जास्त जोर निघतो. ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत मेम्फिसच्या पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकने १९२० च्या दशकात अशी लिफ्ट बनवली आणि ती त्याला न्हाव्याची खुर्ची बघून सुचली असं सांगतात. पण 'वॉशिंगवाल्याची लिफ्ट हवेवर चालते, मग आपली का नाही' हा युक्तिवाद टू पोस्टला चालत नाही, कारण तिचं सिलिंडर मनगटाएवढं बारीक असतं.

आता आपली लिफ्ट घेऊ: चार टनांची, दोन खांब, प्रत्येक खांबात एक सिलिंडर आणि चेन. समजा सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, ६३ मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ ३१.२ चौरस सेंटिमीटर. चार टन दोन खांबांत वाटले तर प्रत्येकी दोन टन. दोन हजार भागिले ३१.२ म्हणजे ६४ किलो. झालं का?

नाही. इथेच सर्वात जास्त लोक फसतात. चेनच्या लिफ्टमध्ये सिलिंडरचा दांडा ९५ सेंटिमीटर वर जातो तेव्हा गाडीचे हात १९० सेंटिमीटर वर जातात. अंतर दुप्पट मिळतं, म्हणजे जोर दुप्पट द्यावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही. सिलिंडरवर दोन नाही, चार टनांचा भार येतो. चार हजार भागिले ३१.२ म्हणजे १२८ किलो, बारमध्ये १२६. हातांचं आणि कॅरेजचं स्वतःचं वजन, घर्षण, पाइपमधलं नुकसान धरून १४० ते १५० बार. चेन आहे की नाही, दांडा किती सरकतो आणि हात किती सरकतात, हे टेप लावून बघा. हा दोनाचा गुणक विसरला तर आलेला पंप निम्म्याच दाबाचा निघेल.

बोअर मोजायचं कसं, सिलिंडर तर बंद असतं? लेथवाल्याकडे नेऊन खोलता येतं, सील किट बदलायचं असेल तर तसंही खोलावं लागतंच. पण लिफ्ट विकणाऱ्याकडे कुठलाही पॉवर पॅक जोडून चालू करून बघायला मिळाली, तर एक सोपी युक्ती आहे. लिफ्ट पूर्ण खाली असताना टाकीतल्या तेलाच्या पातळीवर खूण करा. रिकामी लिफ्ट पूर्ण वर न्या, लॉकवर बसवा, आणि मापाने तेल ओतून पातळी पुन्हा खुणेवर आणा. जेवढं ओतलं तेवढं सिलिंडरमध्ये गेलं. (लिफ्ट खाली घेण्याआधी ते परत काढायला विसरू नका, नाहीतर टाकी उतू जाईल.) आपल्या उदाहरणात ५.९ लिटर लागतील. ५,९०० भागिले दोन सिलिंडर, भागिले ९५ सेंटिमीटर, म्हणजे ३१. व्यास आपोआप निघाला.

या ५.९ लिटरचा अजून एक उपयोग आहे. टाकी किती मोठी हवी ते कळतं. सहा लिटरची टाकी लावली तर गाडी वर पोहोचता पोहोचता पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागेल. हवा शिरली की लिफ्ट झटके देत चढते आणि पंप रडल्यासारखा आवाज करतो. दहा लिटरच्या खाली जाऊ नका.

आता वेग. ५.९ लिटर ५० सेकंदांत ढकलायचं असेल तर मिनिटाला ७.१ लिटर लागतात. १५० गुणिले ७.१ भागिले ६०० म्हणजे १.८ किलोवॅट. पंप शंभर टक्के कार्यक्षम नसतो, ८० टक्के धरा, मग २.२ किलोवॅट. म्हणजे बरोबर तीन एचपी. चार टनांच्या लिफ्टवर तीन एचपीची मोटर सर्रास दिसते ती याच हिशेबाने. मोटर मिनिटाला २८०० फेरे घेणारी असेल तर दर फेऱ्याला साधारण २.७ सीसीचा गिअर पंप लागेल. १४४० फेऱ्यांची असेल तर दुपटीच्या आसपास. मोटरच्या पाटीवर फेरे लिहिलेले असतात. ते न बघता पंप घेतला तर वेग अर्धा किंवा दुप्पट होतो.

ट्रॅक्टरचा पंप का नको

आपल्या भागात ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे हायड्रॉलिक पंप सहज मिळतात. नवे, जुने, रिपेअर केलेले. दाबही चांगला सोसतात, दीडशे बार म्हणजे त्यांना किरकोळ. म्हणून लेथवाला म्हणतो, "लावून टाकू, कपलिंग बनवतो." आणि तो कपलिंग उत्तम बनवतोही. अडचण दाबाची नाही, प्रवाहाची आहे.

समजा पंप १२ सीसीचा आहे आणि मोटर तीच तीन एचपीची, १४४० फेऱ्यांची. प्रवाह मिनिटाला १७ लिटर. रिकामी लिफ्ट वीस सेकंदांत सरसर वर जाते, सगळे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ स्टेटसला जातो. मग पाऊण टनाची ऑल्टो चढवतात, तीही जाते. मग एके दिवशी दोन टनांच्या घरातली स्कॉर्पिओ येते. १७ लिटर प्रवाहाला तीन एचपीची मोटर जेमतेम ६० बार देऊ शकते, म्हणजे घर्षण धरून पावणेदोन टनांपर्यंत. मोटर कण्हते, तापते, एमसीबी पडतो. पूर्ण चार टनांना या पंपामागे सात एचपीहून मोठी मोटर लागली असती.

इथपर्यंत नुकसान फक्त पैशांचं आहे. पुढची पायरी धोकादायक आहे. कुणीतरी सुचवतं, "व्हॉल्व्ह थोडा आवळ." म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. मघाशी म्हटलं ना की पंप आणि लिफ्ट एकमेकांशी बोलत नाहीत? या सगळ्या यंत्रात 'नाही' म्हणणारा एकच भाग आहे, तो हा व्हॉल्व्ह. दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की तो उघडतो आणि तेल परत टाकीत सोडतो. स्कॉर्पिओ उचलली जात नाही याचं कारण मोटर लहान आहे हे असताना व्हॉल्व्ह आवळून उपयोग शून्य. पण व्हॉल्व्ह आवळलेला तसाच राहतो. सहा महिन्यांनी कुणीतरी मोठी मोटर आणून लावतं, आणि आता समजा व्हॉल्व्ह २०० बारला उघडतो. आपल्या सिलिंडरवर २०० बार म्हणजे सहा टनांहून जास्त जोर. लिफ्टचे खांब, चेन, हात, जमिनीतले अँकर बोल्ट सगळे चार टनांचे. लिफ्ट तक्रार न करता सहा टन उचलायला बघेल.

आणि इथली वजनं बघा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरून निघालेली पिकअप पंक्चर-बुशच्या कामाला थेट गॅरेजात येते. रिकामी पिकअप पावणेदोन टनांच्या आसपास, वर दीड टन माल, वर क्रेट. माल उतरवा म्हटलं तर ड्रायव्हर ऐकत नाही, मार्केटची वेळ असते. अशा वेळी योग्य सेट केलेला रिलीफ व्हॉल्व्हच गॅरेजवाल्याच्या बाजूने उभा राहतो. गाडीचं रिकामं वजन आरसीवर 'अनलेडन वेट' म्हणून लिहिलेलं असतं आणि आरसी आता फोनमध्येच असते. अर्धा मिनिट लागतो.

व्हॉल्व्ह कितीला सेट करायचा? कामाच्या दाबापेक्षा दहाएक टक्के वर, म्हणजे इथे १५५ ते १६० बार. पण लिफ्टच्या पाटीवर कमाल दाब लिहिला असेल तर शेवटचा शब्द पाटीचा. आणि गेज लावल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. दोनशे-अडीचशे बारचं गेज आणि एक टी जोड, यापेक्षा स्वस्त विमा मिळणार नाही.

पाटी वाचताना एककं बघा. चिनी बनावटीच्या लिफ्टवर दाब एमपीएमध्ये असतो: १८ एमपीए म्हणजे १८० बार. अमेरिकन कागदांवर पीएसआय: २६०० पीएसआय म्हणजेही साधारण १८० बार. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये एककांच्या घोळामुळेच मंगळावर हरवलं होतं, तेव्हा आपण गॅरेजवाल्यांनी एकदा जास्त तपासायला लाजू नये. पाटीवर चिनी अक्षरं असतील तर फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो.

वीज

पुण्यातल्या वर्कशॉपमधून आलेली लिफ्ट थ्री फेजची असते. घोडेगावच्या पुढे, डिंभ्याच्या बाजूला गॅरेजात बहुधा सिंगल फेज. शेतीच्या लाइनवर थ्री फेज असते, पण ती दिवसातून काही तास, आठवड्यागणिक बदलणाऱ्या वेळांना, आणि शेतीचं कनेक्शन गॅरेजला वापरणं बेकायदा आहे हे वेगळंच. मग वायरमन कपॅसिटर लावून थ्री फेज मोटर सिंगल फेजवर चालवून देतो. मोटर फिरते, पण तिची ताकद साधारण दोन-तृतीयांश उरते. तीन एचपीची दोन एचपी झाली. वरचं गणित पुन्हा करा: चार टन जाणार नाहीत.

दुसरं दुखणं व्होल्टेजचं. लाइनच्या टोकाला संध्याकाळी २३० चे १८० व्होल्ट झाले तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१. चाळीस टक्के जोर गेला. म्हणून लिफ्ट सकाळी चालते आणि संध्याकाळी रुसते. दोष पंपाचा वाटतो, असतो लाइनचा.

माझं मत स्पष्ट आहे: अशा ठिकाणी हळू लिफ्ट घ्या. दाब वजनाने ठरतो, त्यात तडजोड नाही. प्रवाह आपण ठरवतो. दीड एचपीची सिंगल फेज मोटर आणि १.३-१.४ सीसीचा पंप घेतला तर मिनिटाला साडेतीन लिटर मिळतील आणि लिफ्ट ५० ऐवजी १०० सेकंदांत चढेल. दाब तोच १५०, वजन तेच चार टन. लाइनवरचा भार निम्मा. पन्नास सेकंद जास्त लागले म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही. व्हीएफडी लावून सिंगल फेजवर थ्री फेज मोटर नीट चालवता येते, तोही चांगला मार्ग आहे, पण मोटर २३० व्होल्टला डेल्टा जोडता येणारी हवी आणि वायरमनला ते कळणारं हवं.

पॉवर पॅक घेताना तुकडे गोळा करू नका, हे दुसरं मत. मोटर एकीकडून, पंप दुसरीकडून, व्हॉल्व्ह तिसरीकडून असं जमवलं की काहीतरी राहतंच, आणि राहतो बहुतेक तो उतरताना वेग धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. लिफ्ट खाली येते ती गाडीच्या वजनाने, पंपाचा त्यात काही संबंध नाही. तेल किती वेगाने बाहेर पडू द्यायचं हे तो व्हॉल्व्ह ठरवतो. तो नसेल तर रिकामी लिफ्ट सावकाश उतरते आणि गाडीसकट धाडकन. सिलिंडरच्या तोंडाशी होज फुटल्यास तेल अडवणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जुन्या लिफ्टमध्ये तो आहे का, तेही बघून घ्या. गिअर पंपाला फिरायची दिशा असते; थ्री फेजच्या दोन वायरी उलट लागल्या तर पंप उलटा फिरून शाफ्टचं सील जातं. तेल ३२ किंवा ४६ नंबरचं हायड्रॉलिक. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने सील फुगतात. आणि गळती बोटाने तपासू नका. दीडशे बारचं तेल सुईच्या भोकातून निघालं तर कातडीत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. लागलंच तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात.

पावसाळ्यातली अजून एक गोष्ट, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. गाडी वर आहे आणि लाइट गेली. लिफ्ट लॉकवर बसवलेली असेल (असायलाच हवी, माणूस खाली असताना वजन तेलावर नाही, लोखंडी लॉकवर असतं) तर ती खाली आणायला आधी दोन बोटं वर उचलावी लागते, तेव्हाच लॉक सुटतं. वर उचलायला मोटर, मोटरला वीज. श्रावणातल्या रविवारी संध्याकाळी घाटाच्या पायथ्याशी एखादं मुंबईचं कुटुंब गाडी खाली यायची वाट बघत रात्रभर बसेल. हातपंप असलेला पॉवर पॅक मिळतो. थोडा महाग, पण या भागात तोच घ्यावा.

तपासायला कुणी येणार नाही

२१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या संहितेत वीज वापरणारा 'कारखाना' म्हणजे २० किंवा जास्त कामगार, आणि सर्वसाधारण आस्थापना म्हणजे दहा किंवा जास्त. मालक, एक मिस्त्री आणि दोन पोरं असलेलं गॅरेज दोन्हीत बसत नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये असताना ज्या लिफ्टची ठराविक मुदतीने तपासणी होऊ शकत होती, तीच लिफ्ट गावात आली की त्या चौकटीबाहेर पडते. जुनी झाल्यावर, म्हणजे जेव्हा तपासणीची जास्त गरज असते तेव्हा. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, त्यात शेती अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही चार क्षेत्रं आहेत. गाडीच्या सर्किटबद्दल माहिती मागता येईल, पण ती गाडी उचलणाऱ्या लिफ्टचं मॅन्युअल त्या यादीत नाही. मेकॅनिकच्या यंत्राचा विचार ना ग्राहक कायद्यात झाला, ना कामगार कायद्यात. मला हे खटकतं. त्या गाडीखाली उभा असतो तो बहुधा आयटीआय करून आलेला वीस वर्षांचा पोरगा.

म्हणून कागद आपणच तयार करायचा. लिफ्ट सुटी होण्याआधी विकणाऱ्याकडे जा. पाट्यांचे फोटो काढा: लिफ्टची, मोटरची, पंपाची, असेल तेवढ्यांचे. होज कुठून कुठे जातात, केबल कुठल्या पुलीवरून जाते, याचा सलग व्हिडिओ घ्या. चालवून दाखवत असतील तर चढायला किती सेकंद लागतात ते मोजा. बोअर, स्ट्रोक, चेन आहे की नाही, गेजचा आकडा, हे सगळं एका नोटमध्ये लिहा आणि गॅरेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करा. पुढच्या वर्षी दुसरा मिस्त्री आला आणि व्हॉल्व्ह आवळायला निघाला तर निदान त्याच्यासमोर आकडा असेल.

जमीन विसरू नका. उत्पादक ठराविक जाडीचं पक्कं काँक्रीट मागतात, आणि मुरुमावर तीन इंच कोबा म्हणजे काँक्रीट नव्हे.

पहिली गाडी हलकी घ्या, स्वतःची असेल तर उत्तम. अर्धा फूट उचला, थांबा, गाडी हलवून बघा, बोल्टपाशी जमिनीला तडा जातोय का ते पाहा. मग पूर्ण वर, लॉकवर. गेजचा आकडा लिहून ठेवा. सव्वा टनाच्या गाडीला ४० ते ५० बारच्या आसपास दिसायला हवेत. ८० दिसले तर कुठेतरी काहीतरी घासतंय किंवा बोअर मोजण्यात गडबड आहे. दुसऱ्या दिवशी जड गाडी. मग लॉक न लावता, खाली कुणीही नसताना, हात जमिनीपासून फूटभर वर ठेवून खांबावर खडूने रेघ मारा आणि जेवून या. रेघेपासून हात बोटभर खाली आले असतील तर सील किंवा चेक व्हॉल्व्ह गळतोय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्या लिफ्टवर गिऱ्हाइकाची गाडी घ्यायची नाही.